पेडल थांबवून आवाज शोधा म्हणे, तेही फिक्सीवर!

‘फिक्सीचा आवाज घालवा पाच मिनिटांत’ असा एक मेसेज सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. फिक्सी म्हणजे मागचं चाक आणि पेडल कायम एकत्रच फिरतात अशी सायकल. तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि त्यानं लगेच पाना हातात घेतला. ‘मामा, सगळेच फॉरवर्ड करतायत,’ हे त्याचं स्पष्टीकरण. पोरगा रोज चांदणी चौकाचा उतार उतरतो, म्हणून हे लिहितोय.

मेसेज म्हणतो: पेडल मारायचं थांबवा, आवाज चालू राहिला तर दोष चाकात, बंद झाला तर क्रँकमध्ये (पेडल जोडलेल्या दांड्यात). साखळी जराही हलणार नाही इतकी ताणा. वेग कमी करताना होणारी ‘टक्’ फिक्सीला असतेच, सोडून द्या. शेवटी चाक फिरतं ठेवून फडक्यानं साखळी पुसा आणि गंज सोडवायचा स्प्रे मारा.

अहो, फिक्सीला फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारा भाग, नसतं! चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, थांबवणार काय? ही साध्या सायकलची चाचणी कुणीतरी न वाचता इथे चिकटवली आहे. आवाज कशाच्या फेऱ्यांबरोबर येतो ते पाहा, एवढी त्यामागची कल्पना मात्र बरोबर आहे, ते मान्य. पण मग नीट मोजा. पुढे ४८ दाते आणि मागे १६ असतील तर पेडलच्या एका फेरीत चाक तीनदा फिरतं. फेरीला एकदा टिक् वाजलं तर पेडल, क्रँक किंवा बीबी (क्रँक ज्यावर फिरतो ते मधलं बेअरिंग) तपासा. तीनदा वाजलं तर मागचं चाक. साधारण दोन फेऱ्यांत एकदा वाजलं तर साखळीची एखादी कडी आखडली असेल, कारण शंभरेक कड्यांची साखळी पुरती फिरायला तेवढ्या फेऱ्या लागतात. शंका राहिली तर साखळी उतरवा आणि चाक व क्रँक वेगवेगळे फिरवून बघा.

आता ती ‘टक्’. हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, माणूस पाडणारा आहे. फिक्सीवर वेग कमी करायला आपण पायांनी पेडल मागे रेटतो. तो जोर मागच्या कॉगला (दातेरी चकतीला) हबवरून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावरून, उलगडायला बघतो. त्याला अडवते ती लॉकरिंग, म्हणजे कॉगच्या बाहेरून आवळलेली रिंग. तिचे आटे मुद्दाम उलटे असतात. ती ढिली असेल तर पुढे रेटताना कॉग एकीकडे बसतो, मागे रेटताना दुसरीकडे सरकतो, आणि त्या सरकण्याची ‘टक्’ ऐकू येते. असंच चालवत राहिलात तर हबचे आटे कापले जातात. मग एके दिवशी उतारावर पेडल मागे रेटाल आणि चाकावर काहीच पकड नसेल. जुन्या हबवर फ्रीव्हील वेल्ड करून फिक्सी केली असेल तर धोका आणखी मोठा, कारण तिथे उलट्या आट्यांची लॉकरिंग बसायला जागाच नसते.

ढिल्या साखळीनंही थोडी टक् होते, म्हणून खात्री करा. कॉग, लॉकरिंग आणि हब या तिघांवरून मार्करनं एक सरळ रेघ ओढा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर पुढचा ब्रेक हाताशी ठेवून चालवा, पायांनी दोन-चारदा जोरात रोखा. रेघ तुटली तर कॉग किंवा लॉकरिंग हललीय. मग लॉकरिंग काढा (घड्याळाच्या दिशेनं सुटते), आटे पुसून ग्रीस लावा, चेन-व्हिपनं (साखळीचा तुकडा लावलेल्या पान्यानं) कॉग घट्ट बसवा, लॉकरिंग आवळा. थोडी चढण चढून आल्यावर पुन्हा आवळा, कारण चढावर कॉग आणखी बसतो. आटे आधीच गेले असतील तर हब बदला. जुगाड नको.

साखळी ताणण्याबद्दल मॅसॅच्युसेट्सचे मेकॅनिक शेल्डन ब्राउन यांनी २००८ मध्ये जाण्याआधीच सविस्तर लिहून ठेवलंय. फिक्सीवाल्यांत त्यांचा शब्द अजून चालतो. चेनरिंग (पुढची दातेरी चकती) अगदी मध्यावर बसलेली नसते, त्यामुळे क्रँक फिरवताना साखळी कुठे घट्ट, कुठे सैल होते. ती शक्य तितकी ताठ हवी, पण सगळ्यात घट्ट जागीही आखडता कामा नये. मेसेजप्रमाणे ताणली तर ती कण्हायला लागते आणि बेअरिंग खाते. म्हणजे आवाज घालवायला गेलात आणि नवा आणलात. सैल साखळीही चालणार नाही. ती उतरून अडकली तर चाक जाम होतं. बरेच कारागीर मधोमध वरखाली अर्धा इंच खेळ ठेवतात, तो ठीक आहे.

स्प्रेनं कोरडी साखळी घटकाभर गप्प होते, हे खरं. पण तो पातळ असतो, टिकत नाही. साखळीचं तेल घाला.

आणि फिरत्या चाकावर फडकं? अजिबात नाही! फिक्सीत फडकं साखळीत अडकलं की बोटही कॉगमध्ये ओढलं जातं, कारण फिरतं चाक साखळीला ओढतच राहतं. बोटं तुटल्याची उदाहरणं आहेत. चाक थांबवा, हातभर साखळी पुसा, हात बाजूला घ्या, मगच चाक पुढे फिरवा. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी निदान हा आणि ‘टक्’चा मुद्दा चूक आहे एवढं त्याच ग्रुपवर आजच्या आज लिहावं.