तीन नंबर झोपला

धुराला रंग असतो आणि रंगाला अर्थ असतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरा दाट धूर म्हणजे इंजिनात पाणी शिरतंय आणि निळा म्हणजे ऑइल जळतंय. आमच्या गाडीचा निळा. तोही असा, की वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाचा चढ लागला की आरशातली मागची गाडी दिसेनाशी व्हायची. वर मेट्रो, मधे आपण, खाली बाकीचं नागपूर, अशी त्या पुलाची रचना. ३.१४ किलोमीटर लांबीसाठी गिनेस बुकात २०२२ साली त्याची नोंद झाली होती. त्याच पुलावर माझीही वेगळी नोंद व्हावी, अशी काही इच्छा नव्हती.

गाडी २००९ ची, पेट्रोल, एमएच ३१. मीटरवर २ लाख ३८ हजार. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिते हे लक्षात आल्यापासून डिक्कीत ऑइलचा डबा कायमचा राहायला आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे गावाची इडापीडा घेऊन जाणारा पुतळा, मिरवणुकीनं निघाली, तेव्हा आमच्या पोट्ट्यानं गर्दीत शिरून 'निळा धूर घेऊन जा गे मारबत' असा पुकारा केला. मारबत गेली, धूर राहिला. महागाई आणि रोगराईपुढे आमच्या गाडीचं काम तिला फुटकळ वाटलं असावं.

शेवटी मिस्त्रीकडे गेलो. त्यानं गाडी नुसती रेझ करून पाहिली.

"साहेब, ऑइल खाऊन राहिली गाडी."

"ते मलाही दिसते. करायचं काय?"

"आधी कम्प्रेशन पाहू. मंग सांगतो."

कम्प्रेशन पाहणं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते मोजणं, हा प्रकार मला फार आवडला. चारही प्लग काढायचे, एकेका भोकात मीटरची नळी बसवायची, हाताखालच्या पोऱ्यानं ॲक्सिलरेटर दाबून सेल्फ मारायचा आणि काटा कुठवर जातो ते बघायचं. पहिला सिलिंडर १५०, दुसरा १४५, तिसरा ९०, चौथा १४५. हे दाबाचे आकडे, पीएसआयमधले.

"तीन नंबर झोपला," मिस्त्री म्हणाला.

मला धक्का वगैरे बसला नाही. मी लेखा विभागात नोकरीला आहे. चार जणांच्या सेक्शनमध्ये एक झोपलेला असतो आणि उरलेले तिघं त्याच्या वाटचं ओढतात, हे मी रोज बघतो. बघितलं नव्हतं ते पुढचं. मिस्त्रीनं तीन नंबरच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडलं आणि पुन्हा सेल्फ मारायला लावला. काटा १३० वर गेला.

"पाहा. ऑइलनं फट बुजली, म्हणून दम आला. म्हंजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. ऑइल टाकूनही आकडा तितलाच राह्यला असता, तर वॉल्व नाई तर गॅस्केट."

ऑफिसात हा प्रयोग करता येत नाही.

आता प्रश्न असा, की इंजिन बांधायचं, म्हणजे खोलून झिजलेले भाग नवे टाकायचे, की अख्खं बदलायचं? बांधण्यातही पोटभेद आहेत. नुसत्या रिंगा टाकल्या तर काम स्वस्तात होतं. पण इतक्या वर्षांत पिस्टननं एकाच बाजूला रेटा दिल्यामुळे बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, गोल राहिलेला नसतो, किंचित लंबगोल झालेला असतो. त्यात गोल रिंग घातली तर ती बसणार कुठे? मग ब्लॉक लेथवर न्यायचा, बोअर वाढवायचा आणि ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठे, म्हणजे ओव्हरसाइझ, पिस्टन टाकायचे. इंजिन खोललंच आहे तर क्रँकची बेअरिंगं, ऑइल सील, हेडचं फेसिंग, वॉल्व घासणं, सगळंच आलं. मिस्त्रीनं आकडा सांगितला, ४८ हजार. त्याच्यापुढे एक वाक्य जोडलं, जे जगातल्या प्रत्येक मिस्त्रीला तोंडपाठ असतं : "बाकी खोलल्यावर कळंल."

बदलायचं, तर जुन्या बाजारात ३२ हजारांत इंजिन तयार होतं. बघायला गेलो. एका टायरवर ते बसवून ठेवलं होतं आणि वरून रॉकेलचा हात मारल्यामुळे चकाकत होतं. ते कुठल्या गाडीतलं, किती पळालेलं, त्या गाडीचं काय झालं, यातलं काहीही विक्रेत्याला सांगता येईना. गॅरंटी विचारली. "चालू करून दाखवतो ना भाऊ," एवढीच गॅरंटी. शिवाय इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो आणि तो आरसी बुकावर असतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की आधी परवानगी घेतली नसेल तर बदल केल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवा. बिल दाखवा, गाडी दाखवा. ज्या इंजिनाचा बाप कोण हे विकणाऱ्याला ठाऊक नाही, त्याला मी सरकारदरबारी स्वतःचं नाव लावायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या व्हाउचरवर शेरे मारलेल्या माणसाला हे झेपत नाही.

कंपनीच्या वर्कशॉपातही जाऊन आलो. तिथे एसी होता, कॉफी होती. कोऱ्या इंजिनाचा आकडा गाडीच्या बाजारभावाहून मोठा निघाला आणि तो सांगता सांगता तिथल्या मुलानं मला काचेपलीकडच्या शोरूमकडे तोंड करून उभं केलं.

एव्हाना बातमी फुटली होती. शेजारचे काका, वीज मंडळातून निवृत्त, संध्याकाळी आले. "इंजिन खोलू नका. कंपनीची फिटिंग ते कंपनीची फिटिंग. घट्ट ऑइल टाका, २०-५०. दोन वर्षं निघते." काकांची स्वतःची गाडी गेली काही वर्षं कव्हराखाली आहे. तिनं घट्ट ऑइलवर नेमकी किती वर्षं काढली, ते मी विचारलं नाही.

साळेबुवा फोनवर होते. "भाऊजी, ऐंशी हजाराच्या गाडीत पन्नास हजार टाकून राहिले तुम्ही? भंगारात द्या. स्क्रॅपचं सर्टिफिकेट घ्या, नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये सूट भेटते."

हा ऐंशी हजाराचा मुद्दा सगळेच काढतात, आणि तो मला पहिल्यापासून खटकतो. ऐंशी हजार म्हणजे दुसरा माणूस मला काय देईल तो आकडा. मला गाडी विकायचीच नाही, तर त्या आकड्याशी माझा संबंध काय? तुलना करायची तर ती गेल्यावर जे घ्यावं लागेल त्याच्याशी करा. सात लाखांचं कर्ज, सात वर्षं, नऊ टक्के. महिन्याला अकरा हजारांच्या वर हप्ता. चार-साडेचार हप्त्यांत इंजिन बांधून होतं. बघायचं ते एवढंच, की इंजिनाभोवतीची गाडी तेवढी वर्षं टिकणार आहे का. इथे नागपूर कामी येतं. समुद्रकाठची गाडी खालून गंजते, आमची वरून वाळते. डॅशबोर्डला भेगा, काचेची रबरं कडक; पण खालचा पत्रा ठणठणीत. मे महिन्यात ४५ अंशांत जे उभं राहिलं त्याला पावसाची काय मातब्बरी.

मी एक्सेल शीट उघडली. रकाने पाडले : बांधणे, बदलणे, नवीन घेणे. मिस्त्रीचं 'खोलल्यावर कळेल' हेही प्रामाणिकपणे एका चौकटीत लिहिलं. एक्सेल बेरजेत अक्षरं धरत नाही, त्यामुळे त्या ओळीचा खर्च शून्य धरला गेला आणि बेरीज फार देखणी आली. 'बांधल्यावर किती किलोमीटर' या चौकटीत आधी ६० हजार टाकले होते. किलोमीटरमागे ८० पैसे पडले. १ लाख करून पाहिले तर ४८ पैसे. १ लाखच ठेवले.

बायको मागे उभी राहून बघत होती.

"अहो, नवी गाडी घेतली तर ती इतवारीत न्याल का तुम्ही?"

मी इतवारीतली ती गल्ली आठवली. एका बाजूनं हातगाडी, दुसऱ्या बाजूनं बुलेट, समोर गाय.

"नाही नेणार," ती म्हणाली. "धरमपेठेतही दूर उभी करून मला चालवाल. हीच बांधा."

माझी शीट सेव्ह व्हायच्या आत निकाल लागला होता. नवीकोरी आरसी नूतनीकरणाची पावतीही तिनं कपाटातून काढून ठेवली : पंधरा वर्षं झाली म्हणून नुकतेच पाच हजार भरून पुढच्या पाच वर्षांची सोय केली होती. एवढा पुरावा आमच्या ऑफिसात तर कोट्यवधींच्या फायलींना लागत नाही.

इंजिन उतरलं. खोलल्यावर कळलं. टायमिंग चेन, ऑइल पंप आणि एक माउंटिंग. ४८ चे ५६ झाले. लेथवाल्याकडून ब्लॉक आला तेव्हा मिस्त्रीनं मला मुद्दाम बोलावून सिलिंडरच्या आतल्या बारीक तिरप्या रेघा दाखवल्या. मला वाटलं घासताना ओरखडे पडले. तर म्हणे त्या हव्याच; त्यात ऑइल धरून राहतं आणि नव्या रिंगा त्यावर घासून आपली जागा करून घेतात. जागा होईपर्यंत गाडी 'रनिंग'मध्ये. पहिले हजार किलोमीटर पन्नास-साठच्या वर न्यायची नाही, एकाच वेगात तासन् तास हाकायची नाही, ओझं घालायचं नाही. हजारला ऑइल बदलायचं.

"समृद्धीवर नेऊ नका बाप्पा," मिस्त्री म्हणाला. "तिथं लोकं १२० नं येऊन राहिले, अन् तुमी मधात पन्नासनं."

त्याप्रमाणे मी वर्धा रोडवर पन्नासनं जातो. मला स्कूटरवाले ओलांडतात, ई-रिक्षावाले कीव करतात. पण मागे निळं काही नाही, आरशात सगळं नागपूर दिसतं.

परवा साळेबुवा स्वतःच घरी आले. चहा घेतला, बाहेर जाऊन बॉनेट उघडून बघितलं, गाडीला एक चक्कर मारली.

"आवाज मस्त आहे भाऊजी. नवंच इंजिन म्हणा ना! आमच्या पोट्ट्याला गाडी शिकायची आहे. म्हटलं एखादा महिना नेतो."

मी तोंड उघडायच्या आत बायको आतून म्हणाली, "दादा, रनिंगमध्ये आहे ती."

"किती झाले?"

"दोनशेच. आणि हे फार हळू चालवतात."