सायलेन्सर बदलला म्हणून क्लेम गेलाच, असं नसतं

बाइकमध्ये केलेला बदल विमा कंपनीला कळवला नाही तर अपघाताचा क्लेम मिळतच नाही, असं एका लेखात म्हटलंय. 'न कळवलेला एक बदल आणि क्लेम शून्य' हे त्यातलं वाक्य फारच सरसकट आहे. सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणारा माणूस, आधी बघतो की बदलाचा अपघाताशी संबंध आहे का. मागून कुणी ठोकलं असेल, तर आफ्टरमार्केट (बाहेरून घेऊन बसवलेल्या) सायलेन्सरमुळे अपघात झाला असं म्हणणं अवघड. अशा वेळी बरेचदा विमावाले मूळ कंपनी फिटिंगच्या पार्टइतकेच पैसे धरतात, वरचा फरक खिशातून. पण रुंद टायर स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) घासत असेल, किंवा क्लिप-ऑन (खाली बसवलेलं दोन तुकड्यांचं) हँडल पूर्ण वळवल्यावर टाकीला टेकून अंगठा अडकत असेल, तर तिथे प्रकरण फिरतं. ईसीयू रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, तर लपवूच नका. पॉवर वाढली की जोखीमच बदलते, आणि पॉलिसी रद्द करायला आयतं कारण मिळतं.

सर्व्हे होईपर्यंत गाडी खोलू द्यायची नाही. गॅरेजवाले घाईने फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) उतरवतात आणि तुटलेले लग (ते अडकवायचे कान) भंगारात जातात, मग नुकसान दाखवणार काय? चारही बाजूंचे फोटो, चेसिस नंबर, ओडोमीटर, आणि प्रत्येक बदललेल्या पार्टचा ब्रँड दिसेल असा जवळून फोटो. बिलावर पार्ट नंबर हवा. नुसतं 'अ‍ॅक्सेसरीज' लिहिलेलं बिल जवळपास निरुपयोगी.

आणि अपघातानंतर गुपचूप जुना सायलेन्सर परत चढवू नका. क्लॅम्पवरचे ताजे पान्याचे व्रण आणि ओरखडे नसलेला पाइप सर्व्हेअरला लगेच दिसतो. मग विषय बदल न कळवण्याचा राहत नाही, फसवणुकीचा होतो.