शाळेच्या भिंतीतील ओल जांभ्यामुळे आलेली नाही

गेले काही दिवस रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवर एक संदेश गावोगाव फिरतो आहे. आमच्या गावातील एकोणिसाव्या शतकातील शाळेची इमारत पाडून तेथे काँक्रीटची इमारत बांधावी, अशी मागणी करताना त्यात चार कारणे दिली आहेत : जांभा आणि चुना ही कच्ची सामग्री असून इमारतीचे आयुष्य संपले आहे, वादळात कौले उडतात, वास्तू इंग्रजांची आहे, आपला वारसा नव्हे, आणि शंभर वर्षे ओलांडलेली इमारत पुरातत्त्व खात्याकडे जाते, मग तिला खिळाही ठोकता येत नाही. मी याच शाळेत शिकलो. मुलांच्या सुरक्षिततेची काळजी रास्तच आहे, म्हणूनच ही कारणे नीट तपासली पाहिजेत.

पहिले कारण सर्वांत जास्त लोकांना पटले आहे आणि तेच सर्वांत चुकीचे आहे. जांभा खाणीत मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे सहज तासता येतात. हवा लागली की त्यातील लोहामुळे तो टणक होत जातो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टर व सर्वेक्षकाने मलबारमध्ये हा दगड विटांसारखा कापून वापरताना पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात, विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरून, त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. विजयदुर्गाचा जांभ्याचा तट शतकानुशतके खाऱ्या लाटा झेलत उभा आहे. अशा दगडाला कच्चा म्हणता येणार नाही.

मग शाळेच्या भिंती ओल्या का दिसतात? पश्चिमेच्या वर्गात जाऊन पाहावे. तेथे मागे कधीतरी दुरुस्ती म्हणून कमरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा चढवला आहे. त्यावर बोटाने ठोकले की पोकळ आवाज येतो, आणि जेथे त्याचा पोपडा सुटला आहे तेथे आतील चिऱ्याची तांबडी भुकटी झालेली व तिच्यावर मिठाचा पांढरा थर साचलेला दिसतो. त्याच इमारतीच्या मागच्या पडवीत मूळ चुन्याचा गिलावा अजून शाबूत आहे आणि ती भिंत श्रावणातही हाताला कोरडी लागते. जांभा सच्छिद्र असल्यामुळे जमिनीतील ओल त्यात वर चढतेच. चुना ती ओल हवेत सोडून देतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवते. मग क्षाराचे स्फटिक गिलाव्यामागेच तयार होतात आणि दगडाचा पृष्ठभाग फोडतात. दोष आपल्या दुरुस्तीचा आहे आणि शिक्षा मात्र इमारतीला सुनावली जात आहे. शिवाय काँक्रीटलाही खारी हवा सोडत नाही : क्षार आत शिरले की सळई गंजते, फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. किनाऱ्यावरील कितीतरी इमारतींच्या छज्ज्यांखाली उघड्या पडलेल्या सळया आपण रोज पाहतो.

कौले उडतात, हे खरे आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगड भागात ती उडाली, पण पत्रेही उडालेच. फुटलेले कौल एकटे बदलता येते, हा त्याचा मोठा गुण आहे. ज्या छपराची वर्षानुवर्षे शाकारणी (कौले उतरवून पुन्हा नीट बसवणे) झालेली नाही, जेथे कौलांखालची रीप कुजली आहे, तेथे वाऱ्याला वाट मिळते. (जाता जाता, इमारत वाचवू पाहणाऱ्या आमच्या मित्रांसाठीही एक दुरुस्ती : शाळेच्या कौलांवर उमटवलेले १८६५ हे शाळा बांधल्याचे वर्ष नाही, ते मंगळूरच्या बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या कौलांच्या कारखान्याचे स्थापनावर्ष आहे.)

या कौलामुळेच तिसरा मुद्दाही ढासळतो. ते नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठच्या मातीचे आहे. चिरे कोकणच्या सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचे आहेत. खोल पडवी, उंच जोते आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पाडणारे उतरते पाखे ही तर येथील घरांचीच रीत आहे, कारण तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस सोसायचा तर दुसरा उपाय नव्हता. परवानगी आणि अनुदान कोणत्या सरकारचे होते, एवढ्यावरून ज्या गवंडी-सुतारांनी ते काम केले त्यांची विद्या परकी ठरत नाही.

कायद्याविषयीचे विधान तर सरळ चुकीचे आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षे ही प्राचीन स्मारक ठरण्याची किमान अट आहे. वास्तू आपोआप संरक्षित होत नाही. त्यासाठी राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून स्वतंत्र अधिसूचना लागते आणि त्याआधी हरकतींसाठी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आपल्या शाळेबाबत अशी अधिसूचना निघालेली नाही, त्यामुळे दुरुस्तीला या कायद्याची आडकाठी नाही.

दुरुस्ती नव्या बांधकामापेक्षा महाग पडेल, असेही संदेशाच्या शेवटी म्हटले आहे, परंतु सोबत अंदाजपत्रक नाही. चुन्याचे काम जाणणाऱ्या अभियंत्याकडून ते आधी करून घ्यावे. तोपर्यंत पश्चिमेच्या भिंतीवरील सिमेंट काढून ती उघडी ठेवावी आणि मृगापूर्वी छपराची शाकारणी उरकावी. एका पावसाळ्यानंतर ती भिंत किती सुकली, हे गावातल्या प्रत्येकाला हात लावून पाहता येईल.