शनिवारच्या गारा कुणाच्या?

अमेरिकेत भाड्याची गाडी घेताना काउंटरवरचा माणूस इतक्या मायेनं इन्शुरन्सचं विचारतो की नको म्हणताना आपल्यालाच कसंतरी होतं. गाडीचं डॅमेज वेव्हर वेगळं, दुसऱ्याला धडकलात तर लायबिलिटी वेगळी, स्वतःच्या हाडांचं वेगळं, डिकीतल्या बॅगेचं अजून वेगळं, सगळं घ्या म्हणलं तर रोजचा आकडा गाडीच्या भाड्याला येऊन भिडतो. त्यातलं डॅमेज वेव्हर तर खरं म्हणजे इन्शुरन्सही नाही, गाडीला काही झालं तर तुमच्या मागे लागणार नाही एवढं एक वचन, तेही दिवसाच्या भाडेपट्टीवर. पण आमच्या ऑफिसची ताकीद होती, काउंटरवर काही घ्यायचं नाही, कॉर्पोरेट कोडमध्ये, म्हणजे ऑफिसनं गाडीवाल्यांशी केलेल्या करारात, सगळं आलंय, घेतलंत तर पैसे तुमचे. मी आज्ञाधारक. सगळ्या 'नको'पुढे सह्या केल्या आणि डॅलस विमानतळावरून प्लेनोला क्लायंटकडे निघालो.

मीटिंग एक शुक्रवारी, एक सोमवारी. मधे घरी, न्यू जर्सीतल्या एडिसनला जाऊन परत येण्यापेक्षा हॉटेल स्वस्त पडतंय म्हणून ट्रॅव्हल डेस्कनंच लिहून दिलं, तिथेच थांबा. एप्रिल महिना. त्या भागात एप्रिल-मेमध्ये गारा पडतात हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक असतं, हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलानं दुपारीच स्वतःची गाडी कुठल्याशा छपराखाली नेऊन लावली आणि मला गोड हसून 'हॅव अ गुड डे' म्हणाला. शनिवारी संध्याकाळी जे काय सुरू झालं ते मी खिडकीतून पाहिलं. गाडी पार्किंगमध्ये उभी, इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात, मी तिसऱ्या मजल्यावर चहा पीत. याहून निर्दोष माणूस कुठल्या कोर्टात उभा राहिला असेल असं मला नाही वाटत.

वरवर बघितलं तर काही झालेलं दिसतही नव्हतं. पण गाडी परत केली तिथल्या बाईनं टपावर तिरका टॉर्च मारला आणि सपाट पत्र्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डेच खड्डे उठले. ती एकेका भागावर, टप, बोनेट, डिकी असं करत, खड्डे मोजायला लागली आणि तेही नाण्यांच्या मापात. एवढे डाइमचे, एवढे निकेलचे, एवढे क्वार्टरचे. गारांचं डेंटिंग करणारे तसाच भाव लावतात म्हणे, कुठल्या भागावर किती खड्डे आणि खड्डा कुठल्या नाण्याएवढा. आता दहा सेंटचं डाइम हे पाच सेंटच्या निकेलपेक्षा लहान असतं, म्हणजे इथे पाच सेंटचा खड्डा दहा सेंटच्या खड्ड्यापेक्षा महाग.

मी तिला समजावत होतो की यात माझी काही चूक नाही. ती "शुअर, शुअर" म्हणत लिहीत होती. मी परत म्हणलं, गाडी उभी होती हो. शुअर. मला खरा धक्का इथे बसला. पुण्यात गाडीला ओरखडा उठला तर आधी चार माणसं जमतात, चूक कुणाची यावर अर्धा तास जातो, कुणाचा तरी आवाज चढतो, मग पाचशेवर मिटतं. इथे भांडायची सोयच नाही! चूक तुमची असं कुणी म्हणतच नाही, मग नाही म्हणायचं कुणाला? करारात साफ लिहिलेलं असतं, चूक कुणाचीही असो, अगदी निसर्गाची असो, गाडी तुमच्या ताब्यात असताना झालेलं नुकसान तुमचं. आभाळातून पडो नाहीतर पाताळातून येवो, सही कुणाची आहे एवढंच बघायचं.

बिल आलं ४,८६० डॉलरचं. दुरुस्ती ही त्यातली एक ओळ. गाडी गॅरेजात होती तेवढे दिवस भाड्यानं देता आली नाही त्याचं 'लॉस ऑफ यूज', दुरुस्त होऊनही गाडीची किंमत उतरली त्याचं 'डिमिनिश्ड व्हॅल्यू', आणि हे सगळं टाइप करण्याची मेहनत घेतली त्याची अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह फी.

मग टोलवाटोलवी सुरू झाली. गाडीवाले म्हणाले तुमच्या कॉर्पोरेट कोडमध्ये वेव्हर आहे, पण फक्त ऑफिसच्या कामाला, आणि नुकसान तर शनिवारी झालंय. ऑफिसचा रिस्क विभाग म्हणाला शनिवारी तुम्ही कामावर होतात का? माझी स्वतःची कार इन्शुरन्स कंपनी म्हणाली कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये गारा बसतात, पहिले १,००० डॉलर तुमचे, पण गाडी कामासाठी घेतली होती ना, मग आधी ऑफिसला विचारा. भाडं ज्या क्रेडिट कार्डावर भरलं त्याचंही गाडीला कव्हर असतं, ते कार्डवाले म्हणाले आम्ही सगळ्यांच्या शेवटी, या दोघांची नकाराची पत्रं आणा. म्हणजे शनिवार ऑफिसला खासगी वाटत होता आणि माझ्या इन्शुरन्सला ऑफिसचा. फॉर्ममध्ये एक रकाना होता, घटनेच्या वेळी वाहनाचा वापर कशासाठी चालू होता. मी लिहिलं, 'उभं होतं.' फॉर्म परत आला. गाडीचा वापर पर्सनल की बिझनेस, एकावर टिक करा.

या सगळ्यात मुद्द्याचं फक्त सासरे बोलले. लातूरकडे तलाठी होते, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीचे पंचनामे त्यांनी बांधाबांधावर फिरून केलेले. व्हिडिओ कॉलवर त्यांचा पहिलाच प्रश्न, "जावईबापू, पंचनामा झाला का?" म्हणलं बाबा, इथं तलाठी नसतो. "मग फोटो? वेळ? गारा पडल्याचा सरकारी दाखला? आमच्याकडं पीकविम्याला बहात्तर तासांत कळवावं लागायचं, तुम्ही कधी कळवलं?" मी त्याच रात्री मेल केला होता, हे ऐकून त्यांना जावयाबद्दल पहिल्यांदाच जरा बरं वाटलं असावं. सरकारी दाखलाही मिळाला, अमेरिकेच्या हवामान खात्याच्या वेबसाइटवर कुठल्या गावात किती वाजता केवढी गार पडली याची रोजची यादी असते, ती जोडली. आणि कार्डवाल्यांनी त्यांच्या यादीत मागितलेला 'फ्लीट लॉग' मी गाडीवाल्यांकडे मागितला. म्हणजे माझी गाडी गॅरेजात होती तेव्हा तुमच्या बाकी सगळ्या गाड्या भाड्यानं गेल्या होत्या का ते दाखवा, नसतील तर लॉस कसला? ते म्हणाले ती माहिती गोपनीय आहे. पुढच्या बिलात लॉस ऑफ यूजची ओळ गुपचूप गायब.

मग ऑफिसच्या वकिलीणबाईंनी करार शोधून काढला, त्यात दोन कामाच्या दिवसांमधली सुट्टी प्रवासातच धरली होती. गाडीवाल्यांनी उरलेलं बिल मागे घेतलं. गारा अखेर ऑफिसच्या ठरल्या. मी बायकोला श्रीखंड आणायला पाठवलं.

आणि टोलचं बिल आलं, वर गाडीवाल्यांची कन्व्हिनियन्स फी. डॅलस नॉर्थ टोलवे, शनिवार, सकाळ. मी फ्रिस्कोच्या मारुतीच्या देवळात गेलो होतो. खाली ट्रॅव्हल डेस्कचा प्रश्न, 'प्लीज मेन्शन बिझनेस पर्पज.' आता हा टोल ऑफिसकडून घ्यावा तर दर्शनाला बिझनेस म्हणायचं, आणि स्वतः भरावा तर शनिवार खासगी होता असं आपणच लिहून दिल्यासारखं होतंय की काय. दोन दिवस मेल तसाच ठेवला. शेवटी सासऱ्यांनाच फोन लावला.

"किती आहे टोल?"

"फी धरून अकरा डॉलर."

"जावईबापू, भरा अन् गप बसा. मारुतीला कशाला फाइलीत आणताव?"