मुक्काम नाही, मग खर्च कसला?

एका दिवसाची सहल स्वस्तात पडते ही अफवा फार जुनी आहे. माझा संशय थॉमस कुकवर आहे. ५ जुलै १८४१ रोजी या गृहस्थांनी इंग्लंडमधल्या लेस्टरहून लफबरोला पाचशेच्या आसपास माणसं आगगाडीने नेली आणि त्याच दिवशी परत आणली. जाऊन-येऊन भाडं एक शिलिंग. कार्यक्रम दारूबंदीच्या सभेचा, म्हणजे खर्चाची एक मोठी वाट आधीच बुजवलेली. आमच्या सहलीला असली कुठलीच तटबंदी नसते. असतं ते फक्त आमच्या दाजींचं वाक्य, "अहो, मुक्काम नाही म्हटल्यावर खर्च कसला?"

मुक्कामाचं हे प्रकरण संयुक्त राष्ट्रांनीही मनावर घेतलंय. पर्यटन मोजायचं कसं, याच्या त्यांच्या २००८ सालच्या शिफारशी आहेत. त्यांच्या हिशोबी एक रात्र तरी बाहेर काढणारा तो पर्यटक. रात्री घरी येऊन झोपणारा नुसता एकदिवसीय अभ्यागत. म्हणजे पायांचे तुकडे पाडून, उन्हात करपून वर पर्यटक म्हणवून घ्यायचीही सोय नाही. ब्रिटनमध्ये २०११ पासून अशा सहलींची पाहणी होते. त्यात सहल मोजली जायला प्रवास धरून किमान तीन तास लागतात. आमचे तीन तास सगळे गाडीत बसेपर्यंतच होतात, पण ते बहुधा धरत नसावेत.

त्या शिफारशींतलं एक कलम मात्र मला फार आवडलं. सहलीसाठी म्हणून आधी केलेली खरेदीसुद्धा पर्यटनाचाच खर्च. मी ते घरी मोठ्याने वाचून दाखवलं. कोणी काही बोललं नाही, कारण सगळे नवे बूट घालून बघत होते. टोप्या, थर्मास, पाठीवरच्या बॅगा, मानेखालची ती फुगवायची उशी (एका दिवसासाठी!) असं सगळं घरात आलं होतं. जायचं कुठे, ते तेवढं ठरायचं होतं.

मुक्कामाच्या प्रवासात हॉटेलचं एक मोठं बिल येतं. माणूस एकदाच कळवळतो नि मोकळा होतो. इथे दिवसभर चिमटे. पार्किंगचे वेगळे, आत जायचे वेगळे, कॅमेऱ्याचे वेगळे, आणि स्वच्छतागृहाच्या दारात सुटे नसतात म्हणून शेजारच्या टपरीवर नको असलेली पाण्याची बाटली. ती प्यायली की पुन्हा स्वच्छतागृह.

डब्याचं तर काय सांगावं! बाहेरचं खायचं नाही म्हणून ताई पहाटे उठून डबे भरते. ते गाडीच्या डिकीत तळाशी जातात. त्यांवर सतरंजी, सतरंजीवर सगळ्यांचे स्वेटर. गाडी लागते मैलभर लांब. भूक लागते तेव्हा डबा आणायला कोण जाणार, यावर इतकी चर्चा होते की शेवटी सगळे समोरच्या हॉटेलात बसतात. सहलीतल्या खर्चाचा मोठा वाटा खाण्यापिण्यावर का जातो, हे मला कोणी आकडे दाखवून पटवायची गरज नाही. डबे रात्री घरी उघडतात. तेव्हा मात्र फार चवदार लागतात.

संग्रहालयातून बाहेर पडायचा रस्ता दुकानातूनच जातो. भाचीने तिथे रबरी डायनोसॉर उचलला आणि तो तिने ठेवला नाही, एवढंच सांगतो. संग्रहालय नाण्यांचं होतं.

व्हेनिसने तर एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांना दहा. शहरात मुक्काम करणाऱ्यांना हे शुल्क माफ, कारण त्यांच्याकडून हॉटेलमार्फत कर वसूल होतोच. मी हे दाजींना सांगितलं. "मुक्काम नाही म्हणून खर्च झाला, असं कसं होईल?" म्हणत ते बराच वेळ व्हेनिसवरच चिडून होते.

परतीच्या वाटेवर मोबाइलवर हिशोब झाला. दाजींनी पार्किंग धरलं, डायनोसॉर धरला, माझ्या नावावर दोन बाटल्या जास्तीच्या धरल्या. पेट्रोल मात्र सहलीच्या खर्चात घ्यायला ते काही केल्या तयार होईनात.

"गाडी आज तशीही बाहेर काढायचीच होती," ते म्हणाले.

कुठे, ते ताईनेही विचारलं. दाजी आरशात मागची गाडी बघत राहिले.