अब्राहाम म्हणजे ब्रह्मा, आणि खाल्डियन म्हणजे म्हणे ‘कुलदेव’!

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय, तुमच्याकडेही आला असेल. बायबलमधले खाल्डियन म्हणजे आपले ‘कुलदेव’, पाच हजार वर्षांपूर्वी इथून गेलेले ब्राह्मण ज्योतिषी, ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम म्हणजे ब्रह्मा, त्याची बायको सारा म्हणजे सरस्वती, ज्यू मूळचे भारतीय हे खुद्द अ‍ॅरिस्टॉटल सांगून गेला, आणि पाश्चात्त्यांनी पुरावे दाबले. शेवटी अर्थातच ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’.

आधी ते कुलदेव घेऊ. मराठी बायबल उघडा, तिथे ‘खास्दी’ छापलंय, कारण हिब्रूत ते ‘कास्दीम’ आहेत. बाबेल म्हणजे बॅबिलॉन, तिकडच्या अक्कडी भाषेत त-द च्या आधी येणारा ‘श’ पुढे पुढे ‘ल’ व्हायला लागला, म्हणून अश्शूरी (असीरियन) लोक त्यांना ‘कल्दू’ म्हणायचे, ग्रीकांनी तेच उचललं आणि इंग्रजीतून फिरत फिरत आपल्याकडे खाल्डियन आलं. म्हणजे ज्या ‘ल’ वर हा कुल उभा केलाय तो ‘ल’च नंतरचा.

ब्रह्माचं तर त्याहून सोपं आहे. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या 17व्या अध्यायात सरळ लिहिलंय की त्याचं नाव आधी अब्राम होतं, अब्राहाम नंतर झालं, आणि सारा आधी साराय होती. ‘अब’ म्हणजे बाप, अरबीतला अबू तोच. मूळ नावात ‘ह’च नाही, मग ब्रह्मा कुठून काढणार?

पाच हजार वर्षं. बायबलमध्ये अब्राहामचं गाव म्हणून येणारं ऊर शहर खरंच तेवढं जुनं आहे, दक्षिण इराकमध्ये पुरातत्त्वज्ञ वुलीने 1922 ते 1934 ते खणून काढलं, पण ते सुमेरी लोकांचं. खाल्डियन टोळ्या अश्शूरी नोंदींत पहिल्यांदा दिसतात त्या इ.स.पू. 878 मध्ये. मग उत्पत्तीत ‘खास्द्यांचं ऊर’ कसं आलं? अहो, ज्ञानेश्वरी नगर जिल्ह्यातल्या नेवाशाला सांगितली असं आपण बिनधास्त म्हणतोच की, आणि तेव्हा नगर शहर वसलंही नव्हतं, ते दोनशे वर्षांनी वसलं. लिहिणारा आपल्या काळचा पत्ता देतो, दुसरं काही नाही.

आता ज्योतिषी. बायबलच्या दानीएल या पुस्तकात खास्दी हे मांत्रिक-ज्योतिष्यांच्या रांगेत येतात आणि ग्रीकही पुढे त्याच अर्थाने शब्द वापरायला लागले, हे मान्य. पण मुळात त्या दक्षिणेकडच्या दलदलीतल्या टोळ्या. त्यातल्या बीत-याकीन टोळीचा सरदार मरोदख-बलदान, त्याने इ.स.पू. 721 ते 710 बाबेलची गादी दाबून धरली, आणि यानेच यरुशलेमला तिथला राजा हिज्कीया याच्याकडे माणसं पाठवली, आजारपणाची चौकशी हे निमित्त, आणि हिज्कीया इतका खूश की अख्खा खजिना उघडून दाखवला त्यांना! संदेष्टा यशया त्यावरून भडकला. पुढे बाबेलच्या नबुखद्नेस्सराने तेच यरुशलेम जाळलं, तो बायबलचा सगळ्यात नावाजलेला खास्दी राजा. यात पंचांग कुठे आलं?

आणि गंमत म्हणजे ज्योतिषाचा धागा आहे, पण उलटा. नक्षत्रं आपली, पण मेष-वृषभ या बारा राशी बाबेलच्या, त्या ग्रीकांमार्फत इकडे आल्या. पत्रिकेतले ‘होरा’ आणि ‘केंद्र’ हे शब्दसुद्धा ग्रीक आहेत. हे फॉरवर्डमध्ये कोण टाकणार?

अ‍ॅरिस्टॉटलचं वाक्य त्याच्या स्वतःच्या ग्रंथांत नाही. त्याचा शिष्य क्लिआर्कस याने एका संवादात ते त्याच्या तोंडी घातलंय, आणि तेही आपल्याला मिळतं ते इ.स. पहिल्या शतकातल्या जोसेफस या ज्यू इतिहासकाराकडून. ऐकीव गोष्टीची ऐकीव गोष्ट. सोडून द्या.

राहिलं पुरावे दाबल्याचं. जर्मनांनी बाबेल खणलं तेव्हा तिथल्या राजवाड्यात मातीच्या पाट्या सापडल्या, राजाच्या कोठारातून कुणाला किती तेल दिलं त्याचा हिशेब. एका पाटीवर यहूदाचा, म्हणजे यरुशलेमच्या राज्याचा, राजा यहोयाखीन याचं नाव आहे, इ.स.पू. 597 मध्ये नबुखद्नेस्सराने पकडून नेलेला तोच, आणि खाली त्याच्या पाच मुलांना मिळून अडीच सिला तेल. सिला म्हणजे साधारण लिटरभर, म्हणजे पोरामागे अर्धा. या पाट्या 1939 मध्येच छापून आल्यात.