दिवाणातल्या प्रती आणि चौदावा भाग

सर, नमस्कार.

"ॲपवर कुणीही उठतो अन् लेखक होतो. ना संपादक, ना शुद्धलेखन. तुम्ही तरी या उकिरड्याची भलामण करू नका," असं तुम्ही गोष्टी-कादंबऱ्यांच्या मोबाइल ॲपवर लिहिण्याबद्दलच्या माझ्या मागच्या लेखाखाली लिहिलंत. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाचा राग मला कळतो. उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

संपादक नाही, कबूल. पण आधी तरी कुठं होता? 2011 साली माझा कवितासंग्रह निघाला. प्रकाशकानं 28 हजार रुपये आधी मोजून घेतले, 500 प्रती छापल्या आणि गठ्ठे सेलूच्या स्टँडवरून उचलून न्यायला सांगितलं. एका ओळीला कुणी पेन लावला नव्हता. 'कणिस' ऱ्हस्वच छापलं गेलं, तेही मलपृष्ठावर! शंभरेक प्रती लग्नामुंजीत आहेरात गेल्या. 2022 ला उदगीरच्या संमेलनात पिशवी खांद्याला लावून फिरले, तीन खपल्या. त्यातली एक माझ्या मावसबहिणीनं घेतली. बाकीच्या दिवाणात आहेत. पाहुणे आले की गाद्या काढताना हाताला लागतात.

आणि ॲपवर सुमनची कादंबरी भागाभागानं टाकायला लागले, तर जिंतूरकडच्या एका अंगणवाडीताईंचा रात्री साडेदहाला मेसेज: "ताई, सुमनचं पुढं काय झालं? लेकरं झोपल्यावर वाचायले मी." या बाईपर्यंत माझा संग्रह कुठल्या दुकानातून पोचला असता, सांगा.

आता तुम्ही जिथं बोट ठेवलं नाही, तिथलं दुखणं सांगते. चौदाव्या भागात काहीच घडत नव्हतं. आड आटत चाललाय, सुमन रोज दोराला एक गाठ वाढवते, एवढंच. माझ्या मते कादंबरीतलं तेच सगळ्यात बरं लिहिलेलं. वाचनसंख्या निम्म्यावर आली. "आज बोअर झालं ताई." दुसऱ्या दिवशी मी तो भाग काढला आणि तिथं सासूच्या हाती एक चिठ्ठी दिली. आकडा वर! तेव्हापासून प्रत्येक भागाच्या शेवटी दार वाजतं नाही तर फोन. मला सांगायला कुणी आलं नव्हतं, माझं मीच केलं.

पैशाचंही ऐका. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांत, 2016 च्या अखेरीपासून मराठी चालतं. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के मानधन हवं तर पुस्तक त्यांच्या सिलेक्ट योजनेत घालावं लागतं, आणि त्या 90 दिवसांत ते डिजिटल रूपात दुसरीकडं कुठं ठेवता येत नाही. नाही तर 35 टक्के. म्हणजे 70 टक्क्यांसाठी ॲपवरची कादंबरी काढून टाकायची, खालच्या सगळ्या ताया-दादांच्या प्रतिक्रियांसकट. पुस्तक विकत न घेता किंडलची वर्गणी भरणाऱ्या सदस्यांनी वाचलं तर किती पानं उलटली त्यावर पैसे. इथंही पान उलटायला लावणारा जिंकतो. आडापाशी थांबणाऱ्याचं अवघडच.

तरी 28 हजार देऊन गठ्ठे उचलायला मी परत जाणार नाही, सर. उकिरडा म्हणालात, म्हणा. आमच्याकडं त्याचंच खत वावरात टाकतात.

काढलेला चौदावा भाग माझ्याकडं जपून आहे. या आठवड्यात तो परत जागेवर टाकतेय, चिठ्ठी काढून. त्याआधी तुम्हाला पाठवते. लाल पेन मोकळ्या हातानं चालवा, ऱ्हस्व-दीर्घ तर नक्कीच. फक्त सुमनच्या तोंडचं 'काहून' तेवढं 'का' करू नका.